मैफलीच्या रेकॉर्डिंगची साफसफाई: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात गाणं रेकॉर्ड होतं ते बहुतेक वेळा स्टुडिओबाहेर. हुतात्मा स्मृती मंदिरातली मैफल, फडकुले सभागृहातला नाट्यसंगीताचा कार्यक्रम, गल्लीतल्या मंडपातलं भजन, मठातलं वचनगायन, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतली हलगी. मागाहून पेनड्राइव्ह नाहीतर मोबाईल पुढे करून लोक विचारतात, "एवढा आवाज काढता येईल का हो?" त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बहुतेक ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण ते फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं.

सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? विकतचं घ्यावंच लागेल का?

नाही. ऑडॅसिटी २००० सालापासून लोक वापरत आहेत आणि घरगुती साफसफाईचं जवळपास सगळं काम त्यात होतं. बरेच ट्रॅक एकमेकांत मिसळायचे असतील तर रीपर हाताला जास्त बरं वाटतं. ते ६० दिवस वापरून बघता येतं आणि नंतरचा परवानाही फार महाग नाही. आयझोटोप आरएक्स खरोखर ताकदीचं आहे, विशेषतः फाटलेला आवाज आणि खोकले यांच्यासाठी. पण महिन्याकाठी एखादं भजन साफ करणाऱ्याने ते घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पैशात आधी बरा रेकॉर्डर आणि माइकचा स्टँड घ्या, म्हणजे साफ करायला निम्मं काम उरतच नाही.

फाईल हातात आली. पहिलं काम काय?

तिची प्रत काढायची आणि मूळ फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवून विसरून जायची. सगळे प्रयोग प्रतीवर.

मग हेडफोन लावून पूर्ण कार्यक्रम एकदा ऐकायचा, कशालाही हात न लावता, आणि वहीत मिनिटं टिपायची: ४:१० खोकला, १२:३५ माइकची शिट्टी, ३१:०० पासून जनरेटर. कंटाळवाणं काम आहे हे. म्हणून बहुतेक जण ते गाळतात आणि पहिल्या दोन मिनिटांवर बेतलेली दुरुस्ती दोन तासांच्या कार्यक्रमावर लादतात.

दुसऱ्यांदा ऐकताना ट्रॅकचं दृश्य बदलून 'स्पेक्ट्रोग्राम' करा. त्यात डावीकडून उजवीकडे वेळ जातो आणि खालून वर सूर चढतो. विजेचा घूं आवाज आडव्या सरळ रेघांसारखा दिसतो, टाळी उभ्या रेघेसारखी, मींड नागमोडी. इथे जे डोळ्यांना वेगळं दिसतं ते वेगळं काढता येतं. जे एकमेकांत कालवलेलं दिसतं ते सहसा निघत नाही, मग सॉफ्टवेअर कितीही महागाचं असो.

पंख्याचा आवाज काढला, पण गाणं पाण्याखालून आल्यासारखं झालं आणि तानपुरा तर गायबच. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उन्हाळ्यात तर हमखास. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेल्यावर पंखे आणि कूलर बंद करा असं श्रोत्यांना कोण सांगणार?

नॉइज रिडक्शन (गोंगाट दाबणारं हत्यार) कसं चालतं ते कळलं की उत्तर आपोआप मिळतं. तुम्ही त्याला दोन-चार सेकंदांचा नुसता गोंगाट निवडून देता, त्याला प्रोफाइल म्हणतात. ते आवाजाचे खर्जापासून तारापर्यंत शेकडो बारीक पट्टे पाडतं, प्रत्येक पट्ट्यात गोंगाट किती जोराचा आहे ते मोजून ठेवतं, आणि मग पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये ज्या क्षणी एखादा पट्टा त्या मापाच्या वर चढत नाही त्या क्षणी तो दाबून टाकतं. संगीत कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक नसतं. तुम्ही दाखवलंत ते नकोसं, एवढीच त्याची समजूत.

आता आपलं संगीत बघा. तानपुरा अखंड चालतो. सूरपेटी अखंड चालते. भजनात पेटीवाला दोन कडव्यांच्या मध्ये षड्ज-पंचम धरून बसतो. म्हणजे आपल्या गाण्याचा पायाच एकसारख्या आवाजाचा आहे, आणि हे हत्यार एकसारखा आवाज दाबायलाच बनवलंय. त्यात तानपुऱ्याच्या जवारीतून झिरपणारे वरचे स्वर इतके नाजूक असतात की पंख्याच्या सळसळीच्या जेमतेम वर असतात. प्रोफाइल घेताना तानपुरा वाजत असेल तर तुम्ही सॉफ्टवेअरला सरळ सांगितलंत की तानपुरा हा गोंगाट आहे, तो काढ. त्याने काढला.

म्हणून प्रोफाइल घ्यायचं ते तानपुरा सुरू होण्याआधीच्या जागेतून. निवेदकाचं बोलणं संपतं आणि गायक आसन सावरून बसतो, त्या मधल्या दोन सेकंदांत पंखा असतो, सभागृह असतं, स्वर नसतो. तेवढं पुरतं. या एका कारणासाठी रेकॉर्डर कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी सुरू करावा आणि टाळ्या संपल्यावरही थोडा चालू ठेवावा.

किती दाबायचं? ६ डेसिबलपासून सुरुवात करा. १२ च्या पुढे गेलात की चिवचिवाट सुरू होतो: आवाज कमी-जास्त होताना मागे बारीक घंटा किणकिणल्यासारखं ऐकू येतं. चादर एकदा उकळत्या पाण्यात घालण्यापेक्षा दोनदा कोमट पाण्यात धुतलेली बरी, तसंच इथेही ४-४ डेसिबलचे दोन हलके हात एका दणक्यापेक्षा चांगले. आणि ऑडॅसिटीतला 'रेसिड्यू' हा पर्याय न चुकता वापरा. त्यात काढून टाकला जाणारा भाग तेवढा ऐकू येतो. त्या कचऱ्यात गायकाचा शब्द किंवा तानपुऱ्याचा सूर ओळखू आला तर तुम्ही जास्त दाबताय.

थोडा पंखा राहू द्या. दोन मिनिटांत कान त्याला विसरतो. मरतुकड्या तानपुऱ्याला विसरत नाही.

आमच्या रेकॉर्डिंगमध्ये तानपुऱ्याशिवाय एक सेकंदही मोकळा नाही. मग?

मध्यंतर बघा, शेवटच्या टाळ्यांनंतरचा भाग बघा, साउंड चेकची फाईल आहे का ते ऑपरेटरला विचारा. त्याच सभागृहात, तेच पंखे चालू असताना, त्याच माइकने आणि गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) न बदलता घेतलेला तुकडा असेल तर तोही चालतो. काहीच नसेल तर नॉइज रिडक्शनचा नाद सोडा. खालची घरघर हाय-पास फिल्टरने (ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचं कापणारा) कमी करा, वरची सळसळ इक्वलायझरने ८-१० हजार हर्ट्झच्या पुढे दोन-तीन डेसिबल उतरवा आणि थांबा.

हाय-पास फिल्टर किती हर्ट्झवर लावायचा? व्हिडिओत १०० सांगतात.

ते व्हिडिओ भाषणासाठी असतात. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, म्हणजे त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ च्या आसपास. १०० वर फिल्टर लावला की ती तार अर्धमेली होते आणि डग्ग्याचा घुमारा जातो, मग तबलजी फोन करून विचारतो, "माझा डग्गा कुठं गेला?" पूर्ण मैफलीच्या एकत्र रेकॉर्डिंगला ३० ते ४० हर्ट्झ पुरे. गायिकेचा माइक वेगळ्या ट्रॅकवर असेल तर त्या ट्रॅकला १०० लावायला हरकत नाही. पखवाज असेल तर आणखी जपून.

सतत 'घूंऽऽ' येतोय. तो पूर्ण जाईल का?

बऱ्याचदा जातो. नकोशा आवाजांमध्ये हा सगळ्यात शहाणा, कारण त्याची जागा ठरलेली. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तो ५०, १००, १५०, २०० अशा पटींमध्ये दिसतो. प्रत्येक पटीवर नॉच फिल्टर लावायचा, म्हणजे तेवढीच बारीक पट्टी कापली जाते.

खाच किती अरुंद ठेवायची, खरी मेख तिथे आहे. फिल्टरमध्ये 'क्यू' नावाचा आकडा असतो. तो जितका मोठा तितकी खाच अरुंद. क्यू ३० असेल तर ५० हर्ट्झवर खाच पावणेदोन हर्ट्झची होते, पण तोच क्यू २०० वर जवळजवळ सात हर्ट्झ खातो. आता गायिका पांढरी पाचमध्ये गात असेल तर तिचा षड्ज १९६ हर्ट्झवर. २०० च्या भोवती सात हर्ट्झची खाच म्हणजे खाचेची कड थेट षड्जाला लागते. प्रत्येक वेळी ती 'सा'वर आली की आवाज पोकळ होतो आणि कारण कुणाला कळत नाही. म्हणून वरच्या पटींना क्यू ८०-१०० पर्यंत न्या, आणि फिल्टर लावण्याआधी गाण्याची पट्टी कुठली ते विचारून घ्या. काळी एक किंवा काळी दोनमधल्या गाण्याला हा धोका षड्जावर नसला तरी बाकीच्या स्वरांवर असू शकतो. काळी एकचा कोमल रिषभ सुमारे १४७ वर येतो, १५० च्या अगदी शेजारी. कोमल रिषभाचा भैरव असेल तर सांभाळा.

आडव्या रेघा पाच-सहाच्या वर असतील आणि आवाज 'घूं' ऐवजी 'झर्रर्र' असेल तर तो बहुधा रंगमंचाच्या दिव्यांच्या डिमरचा असतो. तो नॉचने पुरता निघत नाही. खालच्या चार-पाच पटी कापून बाकीचं हलक्या नॉइज रिडक्शनवर सोपवा.

एक सांगून ठेवतो. घूं थांबतो म्हणून काही जण प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. तसं कधीही करू नका. ती पिन माणूस वाचवायला असते. घूं थांबवायचा तर मिक्सर आणि रेकॉर्डर एकाच बोर्डावरून चालवा किंवा मध्ये डीआय बॉक्स (दोन यंत्रांमधला विजेचा थेट संबंध तोडणारी छोटी पेटी) लावा.

कार्यक्रम जनरेटरवर झाला. नॉच लावूनही घूं जात नाही.

कारण तो ५० वर नाहीच. ग्रिडची वीज ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे. मंडपातल्या जनरेटरवर असला कुठलाही नियम चालत नाही; दिवे वाढले की तो खाली येतो, कमी झाले की वर जातो. 'प्लॉट स्पेक्ट्रम'मध्ये 'साइझ'चा (एफएफटीचा, म्हणजे मोजणी किती बारीक करायची त्याचा) आकडा मोठा निवडून नेमका आकडा वाचा, मग तो आकडा आणि त्याच्या पटी कापा. रेघ तिरकी सरकताना दिसली तर रेकॉर्डिंगचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळा आकडा द्या.

आमचं मंदिर पूर्व भागात आहे. भजनाच्या मागे यंत्रमागांची खडखड येते. काढता येईल?

पूर्णपणे नाही. मागाचा आवाज म्हणजे ठोक्यांची रांग, आणि प्रत्येक ठोका खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. स्पेक्ट्रोग्राममध्ये तो उभ्या रेघांसारखा दिसतो, आणि टाळ-चिपळ्याही तशाच दिसतात. जे मागाला लागू पडतं ते टाळालाही लागू पडतं. लांबचे माग एकत्र होऊन नुसती घरघर झाली असेल तर नॉइज रिडक्शनने चार-पाच डेसिबल फरक पडतो. शेजारच्या भिंतीपलीकडचा माग असेल तर उपाय माइकचा आहे: गायकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, माइकची पाठ मागाच्या भिंतीकडे. रेकॉर्डिंग झाल्यावर विचारून उपयोग नाही.

तसं पाहिलं तर साखर पेठेतल्या भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये माग ऐकू आला तर मला ते खटकत नाही. ते रेकॉर्डिंग कुठलं आहे हे त्यातून कळतं.

'क्लिक रिमूव्हल' लावल्यावर टाळ बोथट झाले.

अपेक्षितच आहे. टाळाचा, झांजेचा, हलगीच्या छडीचा पहिला आघात त्या हत्याराला 'टिक' वाटतो. जुन्या तबकडीची खरखर काढण्यासाठी ते बनवलंय. भजनावर चालवू नका. एखाददुसरी टिक हाताने निवडून दुरुस्त करा.

खोकले, मोबाईलची रिंग, लहान मुलाचं रडणं, टाळ्या. हे सगळं काढू का?

खोकला दोन ओळींच्या मध्ये असेल तर तेवढाच तुकडा निवडून आवाज १५ डेसिबल उतरवा. पूर्ण शांत करू नका. पंख्याच्या सळसळीत अचानक भोक पडल्यासारखं होतं आणि खोकल्यापेक्षा तेच जास्त कानात भरतं.

मोबाईलची रिंग सुरांवर आली असेल तर स्पेक्ट्रोग्राममध्ये ती ठळक आडव्या ठिपक्यांसारखी दिसते. वेळ आणि सूर दोन्ही बाजूंनी चौकट आखून फक्त तेवढी खूण उतरवता येते. गायकाच्या स्वराच्या वर, दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास ती असेल तर काम छान होतं. स्वरातच मिसळली असेल तर राहू द्या.

दाद मात्र कापू नका. समेवर आल्यावर पुढच्या रांगेतून आलेला 'वाह', गायकाने त्यावर दिलेलं हसू, तबलजीला दिलेली शाबासकी, हे सगळं बैठकीचाच भाग आहे. कित्येकदा पुढची तान त्या दादेच्या बळावर आलेली असते. दोन रागांमधल्या लांबलेल्या टाळ्या आठ-दहा सेकंदांवर आणून हळूच उतरवा, तेवढं पुरे. सगळ्या दादी पुसून टाकलेली एक मैफल मला ऐकायला दिली होती. गायक रिकाम्या खोलीत बसून गातोय असं वाटत होतं.

वरच्या सुरात आवाज फाटलाय.

रेकॉर्ड करताना पातळी शून्य डेसिबलच्या छताला धडकली. लाटेचा माथा कापला गेला, आणि कापला गेलेला माथा कुठेही साठवलेला नसतो. ऑडॅसिटीतलं 'क्लिप फिक्स' किंवा आरएक्समधलं डी-क्लिप आजूबाजूच्या लाटेवरून अंदाज बांधून माथा नव्याने काढतं. आधी पूर्ण ट्रॅक ८-१० डेसिबल खाली आणा, नाहीतर नवा माथा मावायला जागाच उरत नाही. एखाद्या तार षड्जावर किंवा तबल्याच्या थापेवर फाटलं असेल तर दुरुस्ती कळतही नाही. अर्धा तास सलग फाटलेलं असेल तर सुधारत नाही.

लाट छतापर्यंत न पोचताच मध्ये सपाट झालेली दिसली तर माइक किंवा मिक्सर आधीच फाटला होता. तिथे हे हत्यार ओळखतच नाही की काही बिघडलंय.

ऑपरेटरने मिक्सरवरून दिलेलं रेकॉर्डिंग कोरडं वाटतं. मोबाईलवरचं घुमतं पण जिवंत वाटतं. दोन्ही एकत्र करता येतील?

येतील, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला निकाल यातूनच मिळतो. मिक्सरच्या रेकॉर्डिंगमध्ये माइकवाले आवाज असतात, सभागृह नसतं. शिवाय छोट्या सभागृहात तबला मुळातच मोठा ऐकू येतो म्हणून ऑपरेटर त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची मिक्सरवरची सरकपट्टी) खाली ठेवतो. रेकॉर्डिंगमध्ये मग तबला शेजारच्या खोलीत जातो. खोलीतल्या माइकने ती उणीव भरते.

दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवा आणि एखादी ठळक थाप शोधून जुळवा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे ३ मिलिसेकंद. मोबाईल रंगमंचापासून २० मीटरवर असेल तर तो सुमारे ५८ मिलिसेकंद मागे असतो, आणि एवढ्याने तबल्याचा प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो. ४० अंशांना तो ३५५ च्या घरात जातो. पण त्याने २० मीटरमागे जेमतेम दोन मिलिसेकंदांचा फरक पडतो, तेव्हा सोलापूरच्या उन्हाचा हिशोब इथे करायची गरज नाही. थाप बघून जुळवलंत की सगळं त्यात आलं.

सुरुवात जुळली तरी शेवट जुळेलच असं नाही. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत ५० चा फरकही तासाभरात ०.१८ सेकंदांवर जातो. आधी सुरुवातीची थाप जुळवा, मग शेवटची तपासा, आणि मोबाईलच्या ट्रॅकची लांबी गती बदलण्याच्या इफेक्टमध्ये हवी तेवढी भरा. बदल इतका बारीक असतो की सूर हलल्याचं कुणालाही कळत नाही. ते जमत नसेल तर प्रत्येक रागानंतर तुकडा पाडून पुन्हा जुळवा.

मिसळताना मिक्सरचा ट्रॅक मुख्य ठेवा, मोबाईलचा ८-१० डेसिबल खाली. मोबाईलच्या ट्रॅकचा खालचा घुमारा १५० हर्ट्झपर्यंत कापला तरी चालतो. खर्ज मिक्सरकडून येतोच आहे.

मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये गायक थांबला की गोंगाट वर उसळतो.

फोन आपणहून पातळी वर-खाली करतो. बोलण्यासाठी ती सोय आहे, गाण्यासाठी शाप. झालेलं रेकॉर्डिंग एन्व्हलप टूलने हाताने थोडंफार सपाट करता येतं, पण जीव जातो. पुढच्या वेळी गेन हाताने ठरवू देणारं ॲप वापरा आणि शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील असं बघा.

होम मैदानावरच्या रेकॉर्डिंगमध्ये वारा फडफडतोय.

६०-८० हर्ट्झपर्यंत कापा, फडफड झालेले क्षण तेवढे उतरवा. जोराचा झोत माइकचा पडदाच दाबतो, त्या क्षणी गाणं नोंदलंच जात नाही. फोमची टोपी काही रुपयांत मिळते. गड्ड्यात नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं रेकॉर्डिंग करणार असाल तर ती खिशात असू द्या. तिथे गर्दीचा आवाज काढायचाच नसतो, वारा तेवढा अडवायचा असतो.

वडिलांच्या काळच्या कॅसेट आहेत. त्यांचं काय?

आधी कॅसेट बघा. फीत सैल झाली असेल तर पेन्सिलने हळू घट्ट करा, हेड स्पिरिटने पुसा, आणि मगच प्लेअरमध्ये घाला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका. ते भोक माइकच्या नाजूक सिग्नलसाठी असतं, तिथे कॅसेटचा आवाज फाटतो आणि बऱ्याच लॅपटॉपवर एकाच चॅनलचा होतो. लाइन-इन असलेला साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस वापरा, २४ बिटवर रेकॉर्ड करा.

आवाज दबका येत असेल तर सॉफ्टवेअरकडे धावू नका. प्लेअरच्या हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी किंचित फिरवला की एका जागी टाळ आणि 'स'कार उजळतात. तिथे ठेवा. हे काम सॉफ्टवेअरला नंतर कधीच साधत नाही.

कॅसेटची गती बरोबर आहे का, हे ओळखायची एक मजेशीर खूण आहे. त्या काळच्या रेकॉर्डिंगमध्येही विजेचा घूं उतरलेला असतो, आणि तो तेव्हाही ५० हर्ट्झच्या आसपासच होता, फक्त तेव्हाची वीज आजच्याइतकी स्थिर नव्हती. स्पेक्ट्रममध्ये तो ५१.५ वर दिसला तर कॅसेट बहुधा ३ टक्के जोरात पळतेय, म्हणजे पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांत (काळ्या धरून) जेवढं अंतर असतं त्याच्या जवळजवळ निम्म्याने सूर वर गेलाय. गती तेवढी कमी करा. तुमच्या प्लेअरचा स्वतःचा घूं वेगळा असतो; तो कॅसेट न फिरवता रेकॉर्ड करून आधी ओळखून ठेवा. मग पेटीच्या पट्टीशी ताडून खात्री करून घ्या.

सूं आवाजाचं प्रोफाइल फितीच्या सुरुवातीच्या रिकाम्या भागातून घ्या.

एआयने एका बटणात होतं म्हणतात.

निवेदन, मुलाखत, प्रवचन असेल तर होतं, आणि झकास होतं. तीच हत्यारं गाण्यावर चालवली की ती माणसाचं बोलणं तेवढं ठेवतात. तानपुरा, पेटी, तबला त्यांच्या लेखी गोंगाट. लांबलेला आकारही कधी कधी तुटतो.

गायन आणि वाद्यं वेगळी करणारी डेमक्ससारखी हत्यारं आहेत. ती पाश्चात्त्य धाटणीच्या गाण्यांवर शिकलेली, त्यांचे कप्पे चार: गळा, ड्रम, बेस, इतर. तबल्याची चाट ड्रममध्ये जाते आणि डग्गा बेसमध्ये, पेटी कधी 'इतर'मध्ये तर कधी गळ्यालाच चिकटून. वेगळे केलेले ट्रॅक सुटे ऐकले तर विचित्र वाटतात. पण गळ्याचा ट्रॅक दोन-तीन डेसिबल वाढवून पुन्हा सगळे एकत्र केले तर मागे पडलेला गायक पुढे येतो. एवढ्यापुरतं जरूर वापरा.

एक स्वर जरासा कणसूर लागलाय. दुरुस्त करू का?

नको. आंदोलित (मुद्दाम झुलवलेला) गंधार आणि चुकलेला गंधार यांतला फरक सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही. गायकाने स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी.

शेवटी आवाजाची पातळी किती ठेवायची?

शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा (कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप) मोठं असलेलं सगळं आपणहून खाली आणतं, त्यामुळे ठोकून ठोकून मोठं केलेल्या फाईलचा तिथे काहीच फायदा नाही. ख्यालाच्या मैफलीत आलाप हळू आणि द्रुत जोरात हाच क्रम असतो; कॉम्प्रेसर लावून दोन्ही एका उंचीचे केले तर द्रुत लयीची चढण जाते. भजन गाडीत ऐकण्यासाठी हवं असेल तर त्याची वेगळी, दाबलेली प्रत करा.

व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर पुन्हा खराब होतं.

'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाईल जशीच्या तशी जाते. आणि एमपीथ्री शेवटी एकदाच करा. एमपीथ्री उघडून, साफ करून, पुन्हा एमपीथ्री केली की दर वेळी थोडा आवाज गळतो.

साफ केलेलं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकू?

कलाकाराला विचारून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे सादर करणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो, आणि त्याच्या परवानगीशिवाय केलेलं रेकॉर्डिंग लोकांपुढे आणता येत नाही. घरी ऐकण्यासाठी, रियाजासाठी ठेवायला हरकत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर नावाला बाधा येईल असं आपलं सादरीकरण विकृत करून मांडलं तर आक्षेप घ्यायचाही हक्क कलाकाराला आहे, तेव्हा तुमची साफसफाईसुद्धा त्याला आधी ऐकवलेली बरी. साथीदारांनाही विचारा. तबलजी आणि पेटीवाले यांना कुणी विचारत नाही, हक्क मात्र त्यांचाही तितकाच असतो.

पुढच्या कार्यक्रमाला ऑपरेटरकडे काय मागू?

मिक्सरमधून रेकॉर्डिंगसाठी वेगळं आउटपुट, जमल्यास प्रत्येक माइकचा सुटा ट्रॅक. ४८ हजार हर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओला तासाला जवळजवळ १ जीबी लागतो, तेव्हा ३२ जीबीचं कार्ड भरपूर झालं. डब्ल्यूएव्ही फाईल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे सलग चार तासांनंतर अडचण येते. आषाढीतलं रात्रभराचं जागरभजन असेल तर रेकॉर्डर आपोआप नवी फाईल सुरू करतो का, हे आधी तपासा. नसेल तर मध्यंतरात हाताने थांबवून पुन्हा सुरू करा.

हे सगळं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सांगा. पडदा उघडताना ऑपरेटरला काही मागितलं तर तो 'हो' म्हणतो आणि विसरतो.

दोन तासांच्या मैफलीला किती वेळ लागतो?

रेकॉर्डिंग बरं असेल तर एक दिवस. त्यात दोन तास नुसतं ऐकणं, दोन तास शेवटचं ऐकणं, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानाने. दोन ट्रॅक जुळवायचे असतील तर आणखी अर्धा दिवस. कॅसेट असेल तर वेळ सांगता येत नाही. कॅसेट आणून दाखवा.